तेवीस किलो

एप्रिल संपत आला की ओद्वार
मासे तोलायचा काटा धुऊन, पुसून
आमच्या खोलीच्या दाराशी आणून टांगतो.
बोलत काही नाही. म्हणजे हंगाम संपला.

बाहेर लाकडी मांडवांवर
डोकी उडवलेले कॉड, शेपटीला शेपटी बांधून,
वाऱ्यात एकमेकांवर आपटतायत. खडखड, खडखड.
ते जूनपर्यंत राहतील. आम्ही नाही.
रात्रीचे दहा वाजलेत
आणि उजेड जायचं नाव घेत नाही.

दाइगा आधी स्वतःची बॅग टांगते. सव्वीस.
लाटव्हियन भाषेत एक शिवी.
मग लोकरीची पँट बाहेर, जाड मोजे बाहेर,
कातडी बूट हातात घेऊन ती थांबते
आणि मलाच ऐकवते:
जे दोनदा हातात घ्यावं लागलं, ते इथंच ठेवायचं.
बूट इथंच.

आमच्यात म्हणतात, विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर,
मी तिला मागे कधीतरी सांगितलं होतं.
तिनं विंचू पाहिलेला नाही.
काय असतं त्याच्या पाठीवर?
नांगी.
मग ते सामान नव्हे, हत्यार झालं, ती म्हणाली,
आणि मासा चिरायला वळली.

माझा हिवाळा ओद्वारच्या होडीघरात राहतो.
पेटीवर माझं नाव त्यानंच रंगवलंय,
मी कागदावर लिहून दिलेलं बघून.
शिरोरेषा मात्र खाली ओढली,
त्याला वाटलं, अधोरेखित करायचंय.
आत कोट, दोन स्वेटर, रबरी हातमोजे, कुकर.
उन्हाळा तिकडे नॅक्सोसला, स्मारोबाईंच्या जिन्याखाली:
टोपी, सपाता, तीन सुती झगे, दुसरा कुकर.

मग बॅगेत जातं काय?
दोन्हीकडे लागतं तेवढंच.
चष्मा. थायरॉइडच्या गोळ्या. माझी सुरी.
आणि शिट्टी. कुकर दोन, शिट्टी एकच;
पाच वर्षांपूर्वी एक इथल्या फटीत पडली, समुद्रात गेली,
तेव्हापासून मोज्यात गुंडाळून नेते.
बोडोच्या विमानतळावर एक पोरगा ती उजेडात धरून
दर वर्षी विचारतो, हे काय?
दर वर्षी मी तोंडानं वाजवून दाखवते.
मागची रांग हसते. तोही.

होडीघरात तिसरी पेटी विडमांटासची.
पोलंडला सफरचंदं तोडायला जातो म्हणाला,
त्याला आता चार हिवाळे झाले.
कुलूप नाही, नुसती दोरी.
कुणी सोडत नाही.
वसंतात भिंत पाझरायला लागली की ओद्वार
ती पेटी वीतभर पुढे ओढतो,
भिंत सुकली की परत मागे ढकलतो.
फरशीवर तिचा ओरखडा पडलाय.
दाइगा तिच्यावर बसून बूट बदलते
आणि उठताना झाकणावरची माती
हातानं झाडते. एवढंच.

मीही माझी पेटी बंद केली.
कोटाच्या खिशात तीस क्रोनर राहू दिले,
जानेवारीत सापडावेत म्हणून.
जानेवारी माझ्याकडून धरून चालतो आहे
का मी जानेवारीला धरून,
ते दाइगाला विचारलं नाही. ती हसली असती.

माझी बॅग भरली बावीस किलो चारशे.
काट्याकडे ओद्वारनं डोळे बारीक करून बघितलं,
बाहेर गेला,
मांडवावरचा एक मासा, अजून पुरता न वाळलेला,
वर्तमानपत्रात गुंडाळून
झग्याला जागा नव्हती तिथं खुपसला.
तेवीस.
मी म्हटलं, अरे, वास!
तो म्हणाला, हो.

मे महिन्यात स्मारोबाई जिन्याखालून माझी पेटी ओढतील,
बॅगेची चेन थोडी उघडून नाक आत घालतील,
मान मागे घेतील, डोळे मिटून.
आलीस, म्हणतील,
आणि माझे सगळे कपडे
लिंबाच्या झाडाखाली दोरीवर टाकतील,
कॉडसारखे, जोडीजोडीनं.